ही संख्या कुठेतरी पाहिली आहे! नामांकित आकड्यांचा माग कसा काढायचा

माझ्या वडिलांची पिठाची गिरणी होती. मोटरीच्या अंगावर पत्र्याची एक पट्टी ठोकलेली होती आणि तिच्यावर कायम पिठाचा थर असायचा. मे महिन्याच्या सुट्टीत गिरणीत बसायची पाळी माझ्यावर आली, की दळणं कमी असताना मी अंगठ्यानं तो थर पुसायची आणि पट्टी वाचायची. ५ एचपी. ३.७ किलोवॅट. ४१५ व्होल्ट. ५० हर्ट्झ. १४४० आरपीएम. वाचता यायचं, कळायचं काहीच नाही. आठवीत असताना एक दिवस त्या १४४० वर नजर अडकली. चोवीस गुणिले साठ! दिवसाची मिनिटं! मी पळत जाऊन वडिलांना सांगितलं. त्यांनी सुपातलं धान्य खाली ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "मोटरीचे फेरे आणि दिवसाची मिनिटं, यांचं एकमेकांशी काय नातं? ते सांग, मग मानतो."

मला सांगता आलं नाही, कारण नातं नव्हतंच. १४४० चं खरं कूळ मला चार वर्षांनी, बारावीत कळलं. आज मी स्वतः कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवते, आणि दर वर्षी एक तरी मूल डोळे चमकवत येतं: "मॅडम, हा आकडा मी कुठेतरी पाहिलाय!" त्या मुलांसाठी, आणि गणिताशी गट्टी नव्याने जमवणाऱ्या कुणाहीसाठी, मी ही पद्धत लिहून काढते आहे. सामान फार लागत नाही. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आडवा धरून वैज्ञानिक करून घ्या आणि एक शंभर पानी वही जवळ ठेवा.

पायरी पहिली: एकक विचारा

संख्या दिसली की आधी तिच्या शेजारी बघा. मीटर, रुपये, अंश, फेरे, टक्के, की काहीच नाही?

शेजारी काहीच नसेल तर ती गणिताच्या घरची असण्याची शक्यता मोठी. ३.१४१५९, २.७१८२८, १.६१८०३ या संख्या मुंबईत मोजा नाहीतर मंगळावर, बदलत नाहीत. एकक असेल तर मात्र संख्येचा चेहरा एककाबरोबर पालटतो. प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. तोच मैलांत सांगितला तर सेकंदाला सुमारे १,८६,२८२, आणि तासाला किलोमीटरमध्ये सांगितला तर १०८ कोटींच्या जवळ. वेग एकच, चेहरे तीन. म्हणून एककाशिवाय नुसती १८६२८२ पुढे आली तर ती ओळखणं अवघड, आणि "मैल" हा शब्द शेजारी आला की लगेच सोपं.

प्रकाशाच्या वेगाबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. निसर्गातली राशी मोजायला गेलं तर उत्तर अपूर्णांकात यायला हवं, मग हा आकडा असा पूर्ण, शेपटीशिवाय कसा? कारण १९८३ पासून मीटरची व्याख्याच प्रकाशाच्या वेगावरून केली आहे. वेग ठरवून टाकला आणि मीटर त्यातून काढला. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमचंही तसंच झालं: प्लांकच्या स्थिरांकाची किंमत कायमची ठरवली गेली आणि पॅरिसजवळच्या तिजोरीतला धातूचा दंडगोल वजनाचा मानदंड राहिला नाही. ॲव्होगॅड्रो संख्याही त्याच दिवसापासून नेमकी ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात आहे. एखादा वैज्ञानिक स्थिरांक आठ-नऊ अंकांनंतर अचानक संपला, तर तो मोजलेला नसून ठरवलेला असू शकतो, ही खूण लक्षात ठेवा.

पायरी दुसरी: दशांशचिन्ह झाका

आता एकक डोक्यात ठेवून दशांशचिन्हावर आणि शेवटच्या शून्यांवर बोट ठेवा. पहिले चार-पाच सार्थ अंक तेवढे वाचा. माणूस चेहऱ्यावरून ओळखतात, उंचीवरून नाही. संख्येचा चेहरा म्हणजे हे पहिले अंक.

पावसाळ्यात रोज कामी येणारं उदाहरण घ्या. बातम्यांमध्ये धरणाचा साठा टीएमसीत सांगतात आणि विसर्ग क्युसेकमध्ये. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे २८.३१७ लिटर. एक टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट, म्हणजे २,८३१.७ कोटी लिटर, किंवा सुमारे २.८३ कोटी घनमीटर. तिन्ही ठिकाणी तेच अंक: २८३१७. एक फूट म्हणजे ३०.४८ सेंटिमीटर, त्याचा घन करा, २८,३१७ घनसेंटिमीटर येतात. एकदा हा चेहरा ओळखीचा झाला की पाटबंधाऱ्याच्या कुठल्याही कागदावर २८३ दिसलं तर समजायचं, इथे कुणीतरी घनफुटांवरून मेट्रिकमध्ये आलं आहे.

आणि याच घरातली आणखी एक संख्या, जी मी मुलांना मुद्दाम पाठ करायला लावते: ११,५७४. इतक्या क्युसेकने दिवसभर पाणी सोडलं तर बरोबर एक टीएमसी जातं. अब्ज भागिले ८६,४००, कारण दिवसाचे सेकंद ८६,४००. कोयनेची क्षमता सुमारे १०५ टीएमसी. "पन्नास हजार क्युसेकने विसर्ग" असं ऐकलं की लगेच कळतं, दिवसाला चार टीएमसींहून जास्त चाललं आहे. नदीकाठच्या माणसाला हा हिशेब मनातल्या मनात करता यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

पायरी तिसरी: उलटं करून बघा, वर्ग करून बघा

पुष्कळदा संख्या थेट ओळखीची नसते, पण तिचा भाऊ ओळखीचा असतो. कॅल्क्युलेटरवर चार गोष्टी क्रमाने करा: व्यस्त काढा म्हणजे १ ला तिने भागा, वर्ग करा, वर्गमूळ काढा, दुप्पट-निमपट करा.

सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि गावात बोलणं एकर-गुंठ्यांचं. ०.४०४७ पाहून काही सुचलं नाही, तर व्यस्त काढा: २.४७१. हा तर हेक्टरमधले एकर! महारेराच्या कागदावर चटई क्षेत्र ४६.४५ चौरस मीटर लिहिलेलं असतं, त्याला १०.७६४ ने गुणा, ५०० चौरस फूट. ०.७०७१ दिसलं तर वर्ग करा, ०.५ येईल, म्हणजे हे २ च्या वर्गमुळाचं व्यस्त. १.७७२५ चा वर्ग केला की समोर पाय (π, ३.१४१५९) उभा राहतो.

२ चं वर्गमूळ, १.४१४२, तुमच्या हाताशी असतं. ए-फोर कागद २९७ गुणिले २१० मिलिमीटरचा. भागाकार करा. १.४१४ येतो. या एकाच प्रमाणात कागद मधोमध दुमडला की अर्ध्या तुकड्याचा आकार मूळ कागदासारखाच राहतो, म्हणून झेरॉक्सवाला ए-थ्री पान ए-फोरवर कडा न कापता बसवू शकतो. त्याच्या यंत्रावर ७१ किंवा ७० टक्के लिहिलेलं असतं ते हेच ०.७०७१.

आता गिरणीच्या पट्टीकडे वळते. ४१५ ला १.७३२ ने, म्हणजे ३ च्या वर्गमुळाने भागा: २३९.६. म्हणजे २४०. आज घरच्या विजेला आपण २३० व्होल्ट म्हणतो, पूर्वी २४० म्हणत. तीन फेजमध्ये दोन फेजांमधला दाब फेज आणि न्यूट्रलमधल्या दाबाच्या १.७३२ पट असतो. एका एचपीचे ७४६ वॅट, ५ एचपी गुणिले ७४६ म्हणजे ३,७३० वॅट, म्हणून ३.७ किलोवॅट. आणि १४४०? मोटर चार पोलची, म्हणजे चार चुंबकीय ध्रुवांची. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर तिच्यातलं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १२० गुणिले ५० भागिले ४, म्हणजे १५०० फेरे घेतं. आतला फिरणारा भाग, रोटर, त्याच्या थोडा मागे राहतो. त्याला मागे राहावंच लागतं, कारण तोही १५०० ने फिरला तर त्याच्यात वीजप्रवाह निर्माण होणार नाही आणि जोर संपेल. या मागे पडण्याला स्लिप म्हणतात. पूर्ण भारावर ६० फेऱ्यांची स्लिप धरली की १४४०. दोन पोलच्या पंपावर २८८० लिहिलेलं असतं, तेही याच हिशेबाने. पट्टीवरचे पाचही आकडे असे एकमेकांना धरून उभे होते, आणि मी वर्षानुवर्षं त्यांच्यावरचं पीठ पुसत होते.

पायरी चौथी: अंक फिरून येत असतील तर अपूर्णांक शोधा

दशांशानंतर तेच अंक परत परत येत असतील तर ती साधी भागाकाराची संख्या आहे. ०.०८३३३ म्हणजे १ भागिले १२. बोनसच्या कायद्यातला किमान ८.३३ टक्के हा आकडा कुठून आला असा प्रश्न कामगारांना पडतो. वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, म्हणजे एक महिन्याचा पगार. सोन्यावरचं ९१६ तसंच: २२ कॅरेट म्हणजे २४ तले २२ भाग, २२ भागिले २४ म्हणजे ०.९१६६६. १८ कॅरेटवर ७५० असतं.

या पायरीवरची सगळ्यात देखणी संख्या १४२८५७. ती १ भागिले ७ मधून येते. दुपटीने २८५७१४, तिपटीने ४२८५७१: तेच सहा अंक गोल फेर धरून नाचतात. सातपट केली की ९९९९९९. हिच्यावरून एक कामाची गोष्ट करता येते. कुणाच्या उत्तरात ३.१४२८ दिसलं तर त्यानं पायसाठी २२ भागिले ७ वापरलं आहे, कारण खरा पाय ३.१४१५ ने सुरू होतो. चौथ्याच अंकावर गुपित फुटतं. ३.१४१६ वर थांबलेला असेल तर ती किंमत आर्यभटाच्या जवळची. त्यानं इ.स. ४९९ च्या आपल्या ग्रंथात सांगितलं की १०४ ला ८ ने गुणून त्यात ६२,००० मिळवावेत, हा २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ. ६२,८३२ भागिले २०,००० म्हणजे ३.१४१६. आणि त्यासाठी त्यानं शब्द वापरला "आसन्न", म्हणजे जवळचा. उत्तर जवळचं आहे, अखेरचं नाही, हे त्यानं तिथेच नोंदवलं. दीड हजार वर्षांपूर्वीचा हा काटेकोरपणा मला दर वेळी नव्यानं भारावून टाकतो.

पायरी पाचवी: पूर्ण संख्या असेल तर अवयव पाडा

पूर्ण संख्येला २, ३, ५, ७, ११ ने भागत जा. अवयव तिचं कूळ सांगतात.

६५,५३६ ला भागत राहा, २ शिवाय काहीच हाती लागणार नाही: २ चा १६ वा घात. अशा संख्या संगणकाच्या घरच्या. १ टीबीची हार्ड डिस्क संगणकात ९३१ जीबी दिसते आणि लोकांना वाटतं फसवणूक झाली. फसवणूक नाही. विकणारा दहाच्या घातांत मोजतो, संगणक दोनच्या. दहाच्या नवव्या घाताला दोनच्या तिसाव्या घाताने भागलं की ०.९३१ येतं. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह ५९.६ दाखवतो, तोही याच गुणोत्तरातून.

४३,५६० चे अवयव पाडले की ११ दोनदा येतो. अकरा दोनदा? म्हणजे कुठेतरी ३३ किंवा ६६ चा वर्ग दडलाय. एकराचे चौरस फूट ४३,५६०, एकराचे गुंठे ४०, आणि गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, ३३ गुणिले ३३. तेहेतीस फुटी साखळीनं जमीन मोजायचे, तिचा चौरस म्हणजे गुंठा. साखळी गेली, तिचा ११ मागे राहिला.

पण १,०८९ ला आणखी एक ओळख आहे, आणि तिचा जमिनीशी संबंध नाही. कोणतीही तीन अंकी संख्या घ्या, पहिला आणि शेवटचा अंक वेगळा हवा. ७३२ घेऊ. उलट करून मोठीतून लहान वजा करा: ७३२ वजा २३७, ४९५. आता ४९५ उलट करून मिळवा: ४९५ अधिक ५९४. एक हजार एकोणनव्वद. (वजाबाकी ९९ आली तर ती ०९९ समजायची.) अशा संख्या मापामुळे नामांकित झालेल्या नसतात, वागण्यामुळे होतात. आणि वागण्यामुळे नामांकित झालेल्या संख्यांचा विषय निघाला की देवळालीला थांबावंच लागतं.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणू. शिक्षण फर्ग्युसन कॉलेजात, आणि मग आयुष्यभर नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवणं. त्यांच्या नावाचा स्थिरांक ६१७४. कृती अशी: चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या, आणि वजाबाकी करा. जे येईल त्याच्यावर पुन्हा तेच. कागद घ्या आणि माझ्याबरोबर करा. मी त्यांचं जन्मसाल घेते.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

पुढे कितीही करा, ६१७४ च येत राहील. कुठल्याही संख्येपासून निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही इथे पोचता. कापरेकरांच्या जन्मसालाला सातही पायऱ्या लागल्या. त्यांनी हा शोध मांडला ते १९४९ हे साल घ्या, त्यालाही सातच लागतात. मी करून पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत बसले होते. योगायोग आहे हे मला माहीत आहे, तरी आनंद कमी होत नाही. तीन अंकी संख्यांना हीच कृती लावली तर मुक्काम ४९५, जी आत्ताच वर येऊन गेली.

कापरेकर संख्या हा त्यांचा वेगळा शोध. ४५ चा वर्ग २०२५. २० अधिक २५ पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८,२०९. ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. ७०३ स्वतः करून बघा. आणि १२१, १२३२१, १२३४३२१ या घराण्यातल्या संख्यांना त्यांनी नाव दिलं डेम्लो, ज्या स्टेशनावर ही कल्पना सुचली त्याच्यावरून. ते स्टेशन म्हणजे आजचं डोंबिवली. लोकलच्या गर्दीत उभ्या राहणाऱ्या डोंबिवलीकरांना आपल्या गावाचं जुनं नाव गणिताच्या पुस्तकात आहे हे कळावं, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

आपल्या भाषेनं नामांकित केलेली एक संख्या मात्र पूर्ण नाही: साडेतीन. साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं, साडेतीन हातांचा देह. जुन्या शाळेत साडेतीनचा वेगळा पाढा होता, औटकी. औट घटकेचा राजा म्हणतो तीही साडेतीनच घटका. घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे राज्य ८४ मिनिटांचं.

पायरी सहावी: जुळ्यांपासून सावध

इथपर्यंत आलेला नवखा माणूस सगळीकडे ओळखीचे चेहरे बघू लागतो. या पायरीवर थांबून शंका घ्यायची.

१.६ च्या घरात बघा किती गर्दी आहे. १.६१८०३ हे सुवर्ण गुणोत्तर. १.६१८७ म्हणजे चार एकराचे हेक्टर. १.६०९३४ म्हणजे मैलाचे किलोमीटर, आणि १.६०९४४ म्हणजे ५ चा नैसर्गिक लॉगॅरिदम. १.६०२ हे इलेक्ट्रॉनच्या विद्युतभारातले अंक. सातबारावर १ हेक्टर ६१ आर ८७ चौरस मीटर पाहून कुणी म्हणालं की या शेतात सुवर्ण गुणोत्तर आहे, तर त्याला चौथ्या दशांशस्थळापर्यंत वाचायला सांगा. ते चार एकर शेत आहे.

०.५७७ च्या घरातही तसंच. ग्रॅच्युइटीच्या हिशेबातले १५ भागिले २६ म्हणजे ०.५७६९. ऑयलरचा स्थिरांक ०.५७७२. ३ च्या वर्गमुळाचं व्यस्त ०.५७७४. जवळच्या तीन अंकांवर आणलं तर तिघंही एकच. चौथ्यावर वेगळे होतात, आणि "रुपये" हा शब्द शेजारी असेल तर चौथ्या अंकाचीही गरज नाही.

२९.५३ आणि २९.४६ ही जोडी तर पंचांगातच भेटते. अमावास्या ते अमावास्या सरासरी २९.५३ दिवस, बारा महिन्यांचे ३५४ दिवस होतात, ३६५ ला अकरा कमी पडतात, आणि ती तूट साठून सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी अधिक मास येतो. २९.४६ ही शनीची संख्या, पण वर्षांत: सूर्याभोवतीची एक फेरी. तिला बाराने भागलं की एका राशीत सुमारे अडीच वर्षं, तीन राशींची मिळून साडेसात. साडेसातीच्या फलाबद्दल ज्याचं त्याला ठाऊक, आकडा मात्र शनीच्या कक्षेतून आलेला आहे.

जुळे किती सहज सापडतात याचा हिशेब मांडते. तीन अंकी चेहरे एकूण ९००, कारण १०० ते ९९९. तुमच्या वहीत पन्नास संख्या आहेत आणि तिसऱ्या पायरीतल्या करामती धरून प्रत्येकीची सहा रूपं. म्हणजे ३०० चेहरे तुमच्या ओळखीचे. कुठलीही भलतीच संख्या पुढे आली तरी तीनात एकदा ती ओळखीची वाटणारच! पाच अंक जुळवायचे ठरवलेत तर चेहरे ९०,००० होतात आणि चुकून जुळण्याची शक्यता तीनशेत एक. म्हणून माझ्या वर्गात नियम आहे: तीन अंक जुळले तर "नमस्कार" म्हणा, पाच अंक आणि एकक दोन्ही जुळलं तर घरात घ्या.

मात्र उलटंही होतं. कधीकधी योगायोग वाटतो तिथे इतिहास असतो. पायचा वर्ग ९.८७ आणि गुरुत्वत्वरण ९.८१, इतके जवळ का? वर्षाचे सेकंद ३.१५६ कोटी आणि पाय ३.१४१६, हे साम्य निव्वळ योगायोगाचं. पण ९.८७ चं तसं नाही. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला बरोबर एक सेकंद घेणारा लंबक ९९.४ सेंटिमीटर लांबीचा असतो, आणि याच लंबकाची लांबी म्हणजे मीटर धरावा असा प्रस्ताव होता. तो मान्य झाला असता तर पायचा वर्ग आणि गुरुत्वत्वरण यांचे आकडे बरोबर सारखे आले असते. फ्रेंच अकादमीनं १७९१ मध्ये त्याऐवजी उत्तर ध्रुव ते विषुववृत्त या अंतराचा एक कोटीवा भाग निवडला. नवा मीटर जुन्या कल्पनेच्या जवळपासच राहिला, म्हणून हे साम्य. पृथ्वीचा घेर जवळजवळ ४०,००० किलोमीटर इतका गोळाबेरीज का येतो, याचंही उत्तर त्याच निवडीत आहे.

पायरी सातवी: वही

एका संख्येला एक ओळ. पाच सार्थ अंक, एकक, व्यस्त, आणि ती तुम्हाला प्रत्यक्ष कुठे भेटली ते. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. पुस्तकातून उतरवलेली यादी आठवड्यात विसरते. गॅसच्या टाकीवर १४.२ किलो स्वतः वाचलेलं, थर्मामीटरवर ९८.६ आणि ३७ एकाच रेषेवर पाहिलेलं, ते राहतं. कारण कळलं नसेल तर तो रकाना मोकळा ठेवा, काहीतरी भरू नका. माझ्या जुन्या वहीत १४४० समोरचा रकाना चार वर्षं मोकळा होता.

सुरुवातीला हाताला लावायला पाच संख्या देते. ०.९१४४, कापडाच्या दुकानात विचारा. ८७६०, अवयव पाडा आणि त्यात ७३ दिसला की कॅलेंडर आठवा. ३.६, स्पीडोमीटर आणि फिजिक्सचं पुस्तक यांच्या मधली. ३१.१०३५, आंतरराष्ट्रीय सोन्याच्या भावात लपलेली. आणि १.०५९४६: हिचा बारावा घात काढा, उत्तर नीट बघा, आणि मग कुणाच्या तरी पेटीवरच्या एका सप्तकातल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मोजा.